सेस्क्विपिडेलियन: शब्दाची लांबी फुटात?

चकवाचांदण:
एका इंग्रजी लेखात 'सेस्क्विपिडेलियन' हे विशेषण भेटलं. कोशात अर्थ 'लांबलचक (शब्द)', आणि व्युत्पत्तीत चक्क 'दीड फूट'! शब्द फूटपट्टीने कुठे मोजतात? मराठीत 'शब्दबंबाळ' चालेल का?

अडगुलंमडगुलं:
लॅटिनमध्ये 'पेस, पेदिस' म्हणजे पाऊल. संस्कृत 'पाद'चा सख्खा चुलतभाऊ. 'सेस्क्वि' म्हणजे दीड, आणि खरी गंमत त्यातच आहे. सेमिस (अर्धा) + क्वे (आणि). हा 'क्वे' शब्दाच्या शेपटीला चिकटतो, संस्कृत 'च'सारखा. दोघांचं मूळही एकच. म्हणजे '(एक) आणि अर्धा'. आपला 'दीड' वेगळ्या हिशेबाने आला: द्व्यर्ध, म्हणजे दुसरा अर्धाच. सेस्क्विला चपखल बसतो तो 'सार्ध', अर्ध्यासह. १५० वर्षं झाली की आपण सार्धशती म्हणतो, इंग्रज सेस्क्विसेंटेनिअल.

रसायनातही तेच. फेरिक ऑक्साइडला सेस्क्विऑक्साइड म्हणतात, कारण लोहाच्या २ अणूंना ऑक्सिजनचे ३, दर अणूमागे दीड.

जुनीपाटी:
फूटपट्टीचं उत्तर: रोमन फूट साधारण २९.६ सेंमी, दीडपट केला की ४४ च्या आसपास. एवढ्या बाजूच्या चौरस विटेलाही सेस्क्विपेदालिसच म्हणत. शब्दांना ते माप लावलं रोमन कवी होरेसने, काव्यकलेवरच्या 'आर्स पोएतिका' या कवितेच्या ९७व्या ओळीत. टेलिफस आणि पेलिअस हे ग्रीक शोकांतिकांतले नायक दारिद्र्यात, परागंदा असताना प्रेक्षकाच्या काळजाला हात घालायचा तर फुगीर बोलणं आणि 'सेस्क्विपेदालिया वेर्बा' (दीडफुटी शब्द) फेकून देतात, असं तो म्हणतो. थोडक्यात, हातभर लांब शब्द. इंग्रजीत हे विशेषण १७व्या शतकात आलं, तेही टोमण्यासकट. कुणाच्या शैलीचं कौतुक करायला वापरू नका.

अनुस्वार:
'शब्दबंबाळ' नको. त्यात शब्द फार असतात, इथे शब्द लांब असतात. 'बघतो'ऐवजी 'बघण्याची कार्यवाही करण्यात येत आहे' हे शब्दबंबाळ. 'गोंधळलेला'ऐवजी 'किंकर्तव्यविमूढ' हे सेस्क्विपिडेलियन. मी 'जडजंबाल' घेईन. माप हरवतं, पण टोमणा शाबूत राहतो.

उच्चार सेस्-क्वि-पि-डे-लि-यन, आघात 'डे'वर. पेडल, पेडेस्ट्रियन, सेंटिपीड यांच्यात हेच पाऊल आहे. पीडिअ‍ॅट्रिक मात्र या घरातला नाही; तिथे ग्रीक 'पाइस', म्हणजे मूल.