शब्दचर्चा: प्रथिन ‘चढवायचं’, ‘चिकटवायचं’ की ‘जडवायचं’?

टिळकवाडीहून: कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी लेख लिहूलालोय. विजेचा हलका इशारा देऊन इलेक्ट्रोडवर, म्हणजे वीज जोडलेल्या टोकावर, प्रथिनं पक्की करतात, त्याला मराठीत काय म्हणावं? ‘अधिशोषण’ लिहिलं, तर बाबा विचारतात, कोण कुणाचं शोषण करूलालंय?

उद्यमबागहून: आमच्या प्लेटिंगच्या शॉपात रोज हेच की. ‘निकेल चढवलं’ म्हणतो. ‘प्रथिन चढवणे’ लिही. ‘मुलामा’ पण चालंल.

खानापूरहून: मुलामा नको वो मामा. निकेलचे आयन ऋण टोकाशी इलेक्ट्रॉन घेतात आणि तिथंच धातू होऊन बसतात. प्रथिनाचं रूप असं पालटून चालत नाही. रक्तातली साखर मोजायच्या बऱ्याच पट्ट्यांवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं प्रथिन असतं, त्याच्या रेणूची घडी मोडली की पट्टी वाया.

शिवाय वीज दर वेळी प्रथिनालाच ओढते असंही नाही. कोळंबीच्या टरफलातल्या कायटिनपासून कायटोसान करतात. ते आंबट पाण्यात विरघळतं. ऋण टोकाशी हायड्रोजन सुटतो, तेवढ्याच जागेतली आम्लता उतरते, पीएच (आम्लता उतरली की चढणारा आकडा) साधारण ६.५ च्या वर गेला की कायटोसानचा पापुद्रा धरतो. प्रथिन त्या पापुद्र्यात अडकवतात किंवा मागाहून त्याला बांधतात. शेजारच्या इलेक्ट्रोडला इशारा दिला नाही तर तो कोराच राहतो. सगळी गंमत ह्यातच आहे, आणि ‘चढवणे’त ती येत नाही.

टिळकवाडीहून: मग ‘चिकटवणे’? माझा कन्नड मित्र ‘अंटिसु’ म्हणतो. पण ‘अंटु’ म्हणजे डिंकही, त्यामुळं डोळ्यापुढं पाकीटच येतं.

शहापूरहून: आमचं सोनाराचं घर. खडा कोंदणात ‘जडवतात’. खडा खडाच राहतो, जागा ठरलेली असते, आणि तोंड वर लागतं. उलटा बसला तर फुकट.

खानापूरहून: काका, नेमकं बोललात! प्रथिनाचंही काम करणारं अंग बाहेर लागतं, ते पृष्ठभागाकडं दबलं तर साखरेचा रेणू तिथं पोचणार कसा? फक्त एक खोट आहे: वीज दिली म्हणून तोंड आपोआप वर येत नाही, त्याची सोय वेगळी करावी लागते.

शहापूरहून: खडा तरी कुठं आपोआप बसतो?

टिळकवाडीहून: मथळा ठरला: ‘विजेच्या इशाऱ्यावर प्रथिनांची जडण’. ‘अधिशोषण’ आत एकदा येईल, नुसतं पृष्ठभागाला धरून राहण्यापुरतं. बाबांना तेवढं समजावतो.

उद्यमबागहून: लिही. पण आमच्या शॉपात कुणी ‘निकेल जडव’ म्हणालं तर हसतील हां.