मदत हवी आहे: अमेरिकी सरकारी नोकरीतल्या जीएस-७ श्रेणीला पदवी लागते की अनुभव?

करवीरकर:
शिवाजी विद्यापीठात लोकप्रशासनाचा प्रकल्प आहे. आपल्या महसूल खात्याची शिडी (महसूल सहायक, अव्वल कारकून, नायब तहसीलदार) आणि अमेरिकेच्या केंद्र सरकारी नोकरीतल्या जीएस (जनरल शेड्यूल) श्रेणी शेजारीशेजारी मांडतोय. जीएस-७ पाशी अडलंय. कुठं पदवी लिहिलीय, कुठं एक वर्षाचा अनुभव. फ्रान्सही घ्यायचंय. शिवाय पात्रतेच्या रकान्यात सुरुवातीला शाहू महाराजांचा १९०२ चा हुकूम टाकलाय, चालेल ना?

टाउनहॉल:
दोन्ही बरोबर. जीएस-५ ला चार वर्षांची पदवी चालते. जीएस-७ ला नुसती पदवी पुरत नाही. चांगल्या गुणांची पदवी, किंवा पदवीनंतर पूर्ण एक वर्षाचं शिक्षण, किंवा जीएस-५ च्या तोडीचं एक वर्ष विशेष काम. बेरीजही चालते: सहा महिन्यांचं काम ५० टक्के आणि पदवीनंतरचं अर्ध्या वर्षाचं शिक्षण ५० टक्के, झाले १००. अर्ज फसतात ते तासांपायी. आठवड्याला २० तास काम असेल तर वर्षाचे सहाच महिने धरतात, आणि तास लिहिलेच नाहीत तर मोजणार कशावरून?

आणखी एक, श्रेणी आणि पायरी यांची गल्लत करू नकोस. प्रत्येक श्रेणीत पगाराच्या दहा पायऱ्या. काम समाधानकारक असेल तर पहिल्या तीन वाढी ५२-५२ आठवड्यांनी, पुढच्या तीन १०४ नी, शेवटच्या तीन १५६ नी. म्हणजे तळातून वर जायला १८ वर्षं, आणि एवढं करून श्रेणी तीच! ही आपली वेतनवाढ समज, बढती नव्हे.

पंचगंगा_घाट:
महसूलमध्ये उलटं. ज्येष्ठता यादी आधी, पण महसूल अर्हता परीक्षा ठरलेल्या संधींत सुटली नाही की यादीतली जागा खाली घसरते. त्यामुळं ओळीसमोर ओळ लावूच नको भावा. ‘प्रवेश’ आणि ‘बढती’ असे दोन रकाने कर. फ्रान्स दोन्हीकडं जाईल: वरिष्ठ सेवेसाठी बाहेरच्यांची परीक्षा वेगळी, नोकरीतल्यांची वेगळी. तिथली वरिष्ठ अधिकारी घडवणारी एना प्रबोधिनी २०२२ पासून नाही, तिच्या जागी आयएनएसपी ही संस्था आहे. जुनी पुस्तकं बघून लिहू नको.

टाउनहॉल:
१९०२ चा हुकूम पात्रतेत नको. तो पुढं रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांना देण्याचा होता. आरक्षणाचा रकाना वेगळा काढ.

करवीरकर:
तक्ता फाडला. तीन रकाने आखतोय.