अमेरिकेच्या यादवी युद्धातली पोरं घरच्या आठवणीनं आजारी पडायची का?

कपाशीवाला, धरणगाव
नमस्कार मंडळी. अमेरिकेत 1861 ते 65 उत्तरेची आणि दक्षिणेची राज्यं आपसात लढली तेव्हा तिकडचा कापूस अडकला आणि आपल्या खान्देशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, जळगावची पेठ तेव्हाच फुगली, हे आपण ऐकत आलोय. मी त्याबद्दलच वाचत होतो पण कापूस राहिला बाजूला आणि त्या सैनिकांच्या छावणीतच अडकलो. धाकटा भाऊ चार महिन्यांपूर्वी आर्मीत गेलाय, फोनवर फक्त "सगळं ओके" म्हणतो, आणि फोन ठेवला की आई रडते. त्या पोरांकडे तर फोन पण नव्हता, लढाई पण आपल्याच देशातल्या लोकांशी. कशी राहिली असतील? खायला काय, पत्रं पोचायची का?

तापीकाठ
पडायची, आणि डॉक्टर लोक त्याला रोगच म्हणायचे. नॉस्टॅल्जिया हे तेव्हा आजाराचं नाव होतं, उत्तरेच्या सैन्याच्या नोंदीत पाच हजारांच्या वर केसेस आहेत, काही पोरं त्यात गेली पण. जेवण सुटायचं, झोप उडायची, त्यात जुलाब नाहीतर टायफॉइड लागला की संपलं. त्या युद्धात मेलेल्यांत तीनातले साधारण दोन जण रोगाने गेले. खेड्यातल्या पोरांना तर गोवर पण छावणीत येऊन व्हायचा.

खायला हार्डटॅक, म्हणजे पीठ-पाण्याचं दगडासारखं बिस्कीट, कॉफीत बुडवलं की किडे वर यायचे, ते काढायचे आणि खायचं. दक्षिणेची बंदरं अडवलेली म्हणून तिकडे कॉफी नाही पण तंबाखू भरपूर, मग व्हर्जिनियात रॅपहॅनक नदीच्या दोन्ही काठांवरचे पहारेकरी छोट्या होड्या करून पाण्यात सोडायचे, इकडून कॉफी, तिकडून तंबाखू. काल एकमेकांवर गोळ्या झाडलेली पोरं ही. मला हे वाचल्यापासून डोक्यातून जात नाही.

पत्रांचं म्हणशील तर 1861 च्या जुलैत उत्तरेकडे कायदाच झाला, सैनिकाने तिकीट न लावता पत्र टाकायचं, पैसे घरच्यांनी भरायचे. साध्या शिपायाला महिना 13 डॉलर, तेही कित्येकदा महिनोन्महिने थकलेले, म्हणून ही सोय फार मोठी होती.

रिटायर फौजी, चाळीसगाव तालुका
भो, घरनी याद येस ती लढाईत नही, संध्याकाळी येस. ड्युटी असली की माणूस ठीक असतो, मोकळा बसला की मग घर दिसतं. तिकडे पण हिवाळ्यात लढाई थांबायची आणि ओंडक्यांच्या, चिखल लिंपलेल्या झोपड्यांत नुसतं बसून राहायचं, ते दिवस मला तर लढाईपेक्षा जड वाटतात. माझी पहिली कानबाई, म्हणजे आपला खान्देशचा श्रावणातला सण, बाहेर गेली, इकडे सगळी भाऊबंदकी रोटाच्या प्रसादाला बसलेली आणि मी तिकडे बराकीत तोंडावर चादर घेऊन पडलेलो.

आईला सांग, "कसा आहेस" विचारू नको, त्याला एकच उत्तर येतं. घरातलं काय चाललंय ते सांगा, बारीकसारीक सगळं. आणि पत्र टाका, फोन दहा मिनिटांत संपतो, पत्र खिशात राहतं.

कपाशीवाला, धरणगाव
काका, काल रात्री आईनं मला बसवून पत्र लिहून घेतलं. दोन पानं झाली, त्यात अर्धं पान नुसतं म्हशीला पारडू झालं त्याचं.