पाकिस्तान 109, आपण 118: कट की आपलंच तोंड?

रामबागचा जुना
काल इथे एकाने ठोकून दिलं, "2025 च्या जागतिक आनंद अहवालात, सुखी देशांच्या यादीत पाकिस्तान आपल्या वर, म्हणजे हा गोऱ्यांचा कट." गप्प बसणार होतो, पण त्याखालच्या टाळ्या बघून राहवलं नाही. अहो, कुणी गोरा बसून गुण वाटत नाही. गॅलप या सर्वेक्षण संस्थेचे लोक दर देशात साधारण हजार जणांना विचारतात: एक शिडी आहे, तळाला 0, माथ्याला 10. माथा म्हणजे तुमच्या लेखी शक्य तितकं चांगलं आयुष्य. तुम्ही आज कितव्या पायरीवर? तीन वर्षांची सरासरी काढली की झाली यादी. उत्पन्न, भ्रष्टाचार वगैरे सहा गोष्टी नंतर फरक समजावायला घेतात, गुण त्यांतून निघत नाहीत. 2025 चे आपले 4.389 आपल्याच तोंडचे आहेत.

भुट्ट्याचा कीस
आपल्या तोंडचे, म्हणूनच बिनकामाचे! आमच्या आजीला कधीही विचारा, "चाललंय." नातवाला नोकरी लागली, "चाललंय." दहा म्हटलं तर दृष्ट लागेल ना! फिनलंडला दृष्ट लागत नसावी, 2018 पासून पहिलाच.

गणितमास्तर
दृष्ट काय फक्त वाघा सीमेच्या अलीकडेच लागते? पाकिस्तानातही लोक "नजर न लगे" म्हणतात, तरी ते वर. आणि "वरच्या देशांकडे पैसा आहे" हे रडगाणंही नको. त्याच यादीत कोस्टारिका सहावा, मेक्सिको दहावा.

भुट्ट्याचा कीस
मास्तर, त्याच अहवालात सोबत जेवण्यावर अख्खं प्रकरण आहे. अमेरिकेत 2023 मध्ये चौघांतला एक जण आदल्या दिवशी सगळ्या वेळा एकटाच जेवलेला. इथे इंदूरला रात्री बाराला सराफा बाजारात आजोबांपासून कडेवरच्या पोरापर्यंत सगळे उभ्याने गराडू, म्हणजे तळलेला कंद, खातात. हे कोण मोजणार?

राजवाड्यामागे
मी मोजतो, खिडकीतून. सराफ्याचं कौतुक रामबागेत बसून सोपं आहे भिया. आमच्या दाराला आडव्या तीन गाड्या, हॉर्न, जिन्यावर द्रोण. गेल्या हिवाळ्यात वडिलांना रात्री दवाखान्यात न्यायचं होतं, वीस मिनिटं गल्लीतून निघता येईना. एकाने तर हात जोडून सांगितलं, "काका, बस ये प्लेट खतम कर लूं."

भुट्ट्याचा कीस
मग घर विका! दिवसा सोन्याच्या पेढ्या, रात्री खाणं, हे तुमच्या जन्माआधीपासून आहे.

राजवाड्यामागे
विकू? आजोबांनी होळकरांच्या चाकरीत असताना बांधलंय. तुम्ही महिन्यातून एकदा येऊन आनंद घेणार आणि आम्ही गाव सोडायचं?

रामबागचा जुना
"घर विका" हे अती झालं, कीस. मागे घ्या. बाकी धागा सुखाचा होता, पार्किंगचा नाही.

राजवाड्यामागे
सुखाचाच आहे. भूतानवाले शिडीवर भागवत नाहीत; सुख मोजायच्या त्यांच्या नऊ क्षेत्रांत नि 33 निर्देशकांत झोपेलाही जागा आहे. आपल्या मध्य प्रदेशाने 2016 मध्ये आनंद विभाग काढला. मला आनंद नको, झोप द्या.

गणितमास्तर
हे मात्र खरं. एका शिडीत झोप, जेवण, दृष्ट सगळं कोंबलं की मागे 4.389 उरतो. पण कट नाही, हे लिहून ठेवा.

भुट्ट्याचा कीस
बरं, कट नाही. घराचं मागे घेतो. गराडूचं नाही.

राजवाड्यामागे
या खायला. गाडी राजवाड्याच्या पलीकडे लावा.