वीरगळांचे थ्रीडी मॉडेल कडांना फाटते, त्यावर
मुरबाड-शहापूरकडच्या वीरगळांचे (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळांचे) मोबाइलवर अनेक फोटो जोडून काढलेले थ्रीडी मॉडेल कडांना का फाटते, असे एका वाचकाने विचारले आहे. दोष बहुधा ॲपचा नसतो, फोटोंचा असतो. लागोपाठच्या दोन फोटोंत 70 ते 80 टक्के भाग सामाईक हवा. तो कमी पडला की सॉफ्टवेअरला जुळणारे बिंदू सापडत नाहीत. एका जागी उभे राहून कॅमेरा फिरवू नका, दगडाभोवती पाऊल-पाऊल सरका. एक फेरी गुडघ्याच्या उंचीवरून, एक छातीच्या, एक वरून. फोकस आणि एक्स्पोजर (फोटोतला उजेड) लॉक, झूम बंद. शेजारी मोजपट्टी ठेवा, नाहीतर मॉडेलला खरे माप मिळत नाही. ढगाळ उजेड उत्तम, पण ओला दगड चमकतो आणि ती चमक प्रत्येक फोटोत जागा बदलते. दगड पूर्ण सुकू द्या.

शिलाहार राजांच्या काळातल्या गधेगाळांवरची (दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी कोरलेल्या शापशिळांवरची) झिजलेली अक्षरे वाचायची असतील तर अंधार पडताना टॉर्च दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ लागून, तिरपी धरा. कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर, टॉर्चची दिशा मात्र दर फोटोला वेगळी. खडू, पीठ, तेल कृपया लावू नका! खडू छिद्रांत बसतो आणि घासून काढताना उरलीसुरली अक्षरेही जातात.

आणखी एक, कळकळीने: शिल्प सुटे, उचलून नेण्याजोगे असेल तर फोटो इंटरनेटवर टाकण्याआधी त्यांतली जीपीएस नोंद (फोटो काढल्याची नेमकी जागा) काढून टाका. जाहीरपणे फक्त तालुका लिहा, नेमकी जागा पुरातत्त्व विभागाला कळवा. मूळ फोटो दोन वेगळ्या डिस्कवर जपा. पुढे चांगले सॉफ्टवेअर आले की त्यांतूनच नवे मॉडेल काढता येते.