ईमेल वाचण्याला ‘देखरेख’ म्हणावं की ‘पाळत’?

मुळाक्षर
एका कंपनीच्या कर्मचारी-धोरणाचा मराठी अनुवाद करते आहे. गोदामातले, वाहतुकीतले, कार्यालयातले सगळेच लोक तो वाचून खाली सही करणार आहेत. त्यात एक कलम आहे: कंपनीच्या खात्यावरून येणारे-जाणारे ईमेल कंपनी ‘मॉनिटर’ करू शकते. मला सांगण्यात आलंय की ‘देखरेख’ लिहा, ‘पाळत’ नको, लोक बिथरतील.

मला हे पटत नाही. देखरेख म्हटलं की मुकादम डोळ्यांपुढे येतो. तो समोर उभा असतो, आपण त्याला पाहतो, तो आपल्याला पाहतो. आजारी माणसावर, मुलांवरही आपण देखरेख ठेवतो, म्हणजे त्यात काळजीचा भाग असतो. माझा पत्रव्यवहार माझ्या नकळत कोणी वाचत असेल, तर त्याला देखरेख कसं म्हणायचं? सही करणाऱ्याला त्यातून काहीच कळणार नाही.

आणखी एक. ‘राइट टू प्रायव्हसी’ला ‘गोपनीयतेचा अधिकार’ लिहिलंय. चालेल ना?

दप्तरदार
सरकारी मराठीत मॉनिटरिंगला ‘संनियंत्रण’ म्हणतात, पण ते योजनांचं आणि निधीचं. माणसाच्या पत्रांना तो शब्द लावू नये. ‘टेहळणी’ही इथे बसत नाही. किल्ल्यावरच्या टेहळणी बुरुजावरून दूरवर, बाहेरच्या दिशेने पाहायचं असतं, शत्रू येतोय का म्हणून. ‘पाळत’ ठरावीक माणसावर किंवा जागेवर असते आणि बहुतेक वेळा त्याला कळू न देता. साध्या वेशातले पोलीस पाळत ठेवतात, तसा बंद घरावर चोरही पाळत ठेवतो. म्हणजे हा शब्द कायदेशीर की बेकायदेशीर ते ठरवत नाही, लपून पाहिलं जातंय एवढंच सांगतो. तुमच्या कलमात ते लपून आहे का, हे आधी बघा.

‘गोपनीयता’ मात्र बदला, ही माझी आग्रहाची विनंती. मंत्री पदाची आणि गोपनीयतेची शपथ घेतात. आमचे वार्षिक अहवाल ‘गोपनीय’ असायचे, म्हणजे ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याच्यापासूनच लपवलेले! माझी उभी नोकरी या शब्दासोबत गेली. तो कचेरीचा शब्द आहे, कचेरीने काय बाहेर सांगायचं नाही त्याचा. नागरिकाचा हक्क त्याच्या उलट दिशेचा आहे. तिथे ‘खासगीपणा’ हवा. हा शब्द आपल्याकडे नवखाही नाही. होळकरांच्या राज्यात ‘दौलत’ (राज्याचा पैसा) वेगळी आणि ‘खासगी’ (घराण्याचा स्वतःचा पैसा) वेगळी असे, खासगीच्या पैशाला दौलतीचा हिशेब लागत नसे.

तारीख पे तारीख
वकिली करते म्हणून थोडं कायद्यातलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ मध्ये तीन वेगळी क्रियापदं आहेत: संदेश मध्येच अडवणं, ‘मॉनिटर’ करणं आणि कूट उलगडणं, म्हणजे सांकेतिक केलेला मजकूर वाचण्याजोगा करणं. २००९ च्या नियमांत ‘मॉनिटर’ची व्याख्याच दिली आहे. उपकरणाच्या मदतीने माहिती पाहणं, तपासणं, ऐकणं किंवा नोंदवून ठेवणं हे सगळं त्यात येतं. मुकादमाच्या देखरेखीत यातलं काय बसतं?

हे सरकारला करायचं तर केंद्रात किंवा राज्यात गृहसचिवांचा आदेश लागतो. तो ६० दिवस चालतो, वाढवत नेला तरी एकूण १८० दिवसांपलीकडे जात नाही. पुनर्विलोकन समिती असते, तीही अधिकाऱ्यांचीच, न्यायाधीश कुठेच नाही. २० डिसेंबर २०१८ च्या आदेशाने केंद्राने गुप्तवार्ता विभाग, सीबीआय, ईडी, एनआयए धरून १० यंत्रणांना यासाठी अधिकृत केलं. ज्याच्यावर हे चालतं त्याला नंतरही कळवण्याची तरतूद नाही. म्हणून सरकारच्या बाबतीत मी बिनदिक्कत ‘पाळत’ लिहिते. कायद्याने दिलेली पाळत, पण पाळतच.

आणि ती दर वेळी कायद्यात बसते असंही नाही. विनीत कुमार विरुद्ध सीबीआय या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये फोन टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले. प्रकरण लाचखोरीचं होतं. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता असेल तरच १८८५ च्या तार कायद्याखाली असा आदेश काढता येत होता, आणि इथे दोन्ही नव्हतं. ध्वनिमुद्रणं आणि त्यांच्या प्रती नष्ट करायला लावल्या. या निकालाला आधार होता पुट्टस्वामी खटल्याचा. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. आपल्याला नको असलेला डोळा घरात, पत्रात, शरीराशी येऊ न देण्याचा तो हक्क आहे. यात लपवण्यासारखं काही असावंच लागत नाही. दप्तरदारकाका म्हणतात ते म्हणूनच बरोबर आहे: ‘गोपनीयता’ लिहिलं की लगेच प्रश्न येतो, “तुला काय लपवायचंय?”

ओवी
खासगी बँक, खासगी शाळा, खासगी गाडी. लोक ‘खासगीपणा’ वाचून गोंधळणार नाहीत का? हिंदीतलं ‘निजता’ का नको?

दप्तरदार
“ही माझी खासगी बाब आहे” हे मराठी माणूस भांडतानाही म्हणतो. निजता कोणी म्हणत नाही.

तारीख पे तारीख
मुळाक्षर, तुमचा प्रश्न नोकरीतला आहे, तो राहूनच गेला. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा कायद्याच्या कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी संमतीशिवाय माहिती वापरायला मोकळीक आहे. म्हणजे तुमच्या लोकांना बचाव मिळेल तो फार करून त्या धोरणाच्या शब्दांतूनच. युरोपात बार्बुलेस्कू विरुद्ध रोमेनिया हा खटला झाला. मालकाच्या सांगण्यावरून उघडलेल्या याहू मेसेंजरच्या खात्यावरचं भाऊ आणि वाग्दत्त वधू यांच्याशी झालेलं बोलणं कंपनीने वाचलं, त्याचे कागद काढले आणि त्या माणसाला कामावरून काढलं. सप्टेंबर २०१७ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने त्याच्या बाजूने निकाल दिला. खासगी वापराला बंदी आहे हे त्याला माहीत होतं. पण आपलं बोलणं कितपत आणि कसं वाचलं जाणार, मजकूरसुद्धा वाचला जाणार का, हे त्याला आधी सांगितलेलं नव्हतं. तो निकाल इथे बंधनकारक नाही, पण अनुवाद करताना समोर ठेवा.

ओवी
आणि ज्याने सहीच केलेली नाही त्याचं काय? मी त्या कंपनीतल्या मैत्रिणीला तिच्या ऑफिसच्या पत्त्यावर माझ्या आजारपणाबद्दल लिहिलं, तर माझं पत्रही वाचलं जाणार. मला कोण सांगणार?

मुळाक्षर
हा मुद्दा धोरणात कुठेही नाही, तोही कळवते. ‘देखरेख’ काढलं. ‘पाळत’ही टाळलं, कारण सही घेण्याआधी सांगितलं जाणार असेल तर ती पाळत उरत नाही. नामाच्या आड न जाता सरळ क्रियापद वापरलं आहे: “कंपनीने दिलेल्या ईमेल खात्यावर आलेला आणि त्यावरून गेलेला पत्रव्यवहार, त्यातील मजकुरासह, कंपनी उघडून वाचू शकते आणि साठवून ठेवू शकते. तो कोण वाचणार, कोणत्या कारणासाठी आणि किती दिवस ठेवणार, हे पुढील परिच्छेदात दिले आहे.” मथळ्यात ‘खासगीपणा’.

मूळ इंग्रजीत तो पुढचा परिच्छेद नाहीच. तो लिहून द्या, त्याशिवाय माझं काम पुरं होत नाही, असं आज दुपारी कंपनीला कळवलं आहे. उत्तर आलं की इथे टाकते.