‘क्रॅबवॉक’ला खेकडाचाल म्हणावं का?

मीनाक्षी_ठाणे: हमर ईव्ही या इलेक्ट्रिक गाडीवरच्या लेखाचं भाषांतर करतेय. तिच्या तिरपं सरकण्याच्या सोयीला, ‘क्रॅबवॉक’ला, ‘खेकडाचाल’ लिहिलं, तर संपादकांनी खोडून ‘तिरकी चाल’ केलं. म्हणे, मराठी वाचकाला टोपलीतले पाय ओढणारे खेकडेच आठवतील. मला पटलेलं नाही.

रानवारा: खोडलं ते बरोबर, पण कारण वेगळं. खेकडा आडवा जातो. हमरची मागची चाकं पुढच्या चाकांच्याच दिशेला, १० अंशांपर्यंत वळतात. तोंड समोर ठेवून गाडी हळूहळू तिरपी सरकते. बुद्धिबळाच्या पटावर असा चालतो उंट. ‘उंटचाल’ म्हणा.

मीनाक्षी_ठाणे: ‘उंटचाल’ म्हटल्यावर आधी वाळवंटातला उंट डोळ्यांपुढे येतो.

कुर्लीकर: मालवणच्या किनाऱ्यावर लहानपणी कुर्ल्यांमागे धावलोय. तिरक्याही पळतात. खेकडाचालच ठेवा.

साइटवाला: बांधकामावर लांब होणाऱ्या हाताने माल उचलणारं यंत्र असतं ना, टेलिहँडलर, त्याला ही सोय जुनीच आहे. जेसीबीच्या लोडॉल या टेलिहँडलरला वळण्याच्या तीन तऱ्हा: नुसती पुढची चाकं, चारही चाकं, आणि क्रॅब. ऑपरेटर सरळ “क्रॅबवर टाक” म्हणतात. चालवणाऱ्याचा शब्द घ्या ना.

शुद्धमती: मग भाषांतर कशाला करायचं? उद्या ‘सुकाणू’ही टाकून ‘स्टेअरिंग’च लिहाल.

साइटवाला: सुकाणू तरी कुठलं? अरबी ‘सुक्कान’. खलाशांच्या तोंडी रुळलं म्हणून आपलं झालं. ऑपरेटरच्या तोंडचं का नको?

शुद्धमती: रुळायला पिढ्या गेल्या. ‘सुक्कान’चं ‘सुकाणू’ झालं, मराठी कानाला बसलं. ‘क्रॅब’ अजून जसाच्या तसा आहे.

रानवारा: आणि टेस्लाच्या सायबरट्रक गाडीचं काय? त्यात स्टेअरिंग आणि चाकं यांना जोडणारा दांडाच नाही, तारेतून नुसता संदेश जातो. सुकाणूचा दांडा थेट पाण्यातल्या पात्याला जोडलेला. तिथे ‘सुकाणू’ चालेल?

शुद्धमती: चालेल. दिशा देतं ते सुकाणू, जोडणी कशीही असो.

कुर्लीकर: रिव्हियन या इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीने २०१९ मध्ये दाखवलेला ‘टँक टर्न’ घ्या. एका बाजूची चाकं पुढे, दुसऱ्या बाजूची मागे, गाडी जागच्या जागी फिरते. त्याला ‘गिरकी’ किती छान बसतो!

शुद्धमती: वा! हा शब्द मीनाक्षीताईंनी जरूर वापरावा.

मीनाक्षी_ठाणे: माझ्या लेखात रिव्हियन नाही. खेकड्याचं सांगा, लेख उद्या जायचाय.

साइटवाला: गिरकी एका पायावर घेतात. इथे चारही चाकं जमीन खरवडतात. आमच्या गावी ट्रॅक्टर एकाच बाजूचा ब्रेक दाबून गर्रकन वळवतात, त्याला कुणाकडे काही शब्द आहे का?